रसदेची पलटण : नगरच्या वाटेवरचे कांहीं विचार

अहमदनगर शहर आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस अपरिचित नसेल. शिर्डीस किंवा शिंगणापुरास जातांना चहाकरितां थांबावयाचें गांव, एवढीच बहुतेकांस त्याची ओळख असते. ज्यांना इतिहासाची थोडीबहुत गोडी आहे ते चांदबिबीचें नांव घेतात. आणि १९४२ ते १९४५ या काळांत पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद प्रभृति नेते येथील किल्ल्यांत बंदिवासांत होते व 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ तेथेंच लिहिला गेला, हें शाळेंतील मुलांसही ठाऊक असतें. आतां सरकारदप्तरीं शहराचें व जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर झालें आहे. याच जिल्ह्यांतील चोंडी गांवीं जन्मलेल्या अहिल्याबाईंचें तें नांव कोणास प्रिय होणार नाहीं? परंतु आमच्या घरांतील वडील मंडळींच्या तोंडीं 'नगर' हेंच नांव बसलेलें आहे, म्हणून या लेखांतही तेंच ठेवतों.

गेल्या मार्गशीर्षांत मी नगरास गेलों तो स्थळें पाहण्याकरितां नव्हे. माझ्या मामांचें वर्षश्राद्ध होतें. मामा सैन्यांत होते. एवढें सांगितलें म्हणजे ऐकणाराच्या डोळ्यांपुढें बंदूक, मिशा आणि छातीवरचीं पदकें उभीं राहतात. आमच्या मामांजवळ मिशांखेरीज यांतलें फारसें कांहीं नव्हतें. ते लढाऊ पलटणींत नसून रसद पुरविणाऱ्या खात्यांत, म्हणजे ज्याला आर्मी सर्व्हिस कोर असें म्हणतात त्यांत, कारकुनापासून चढत नायब सुभेदार झाले. आमच्या आजोळीं त्यांना 'पिठाचे सुभेदार' म्हणत. थट्टा घरचीच, परंतु ती चाळीस वर्षें चालली. रजेवर आले कीं आजी त्यांना विहिरीवर स्नान केल्यावांचून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीं येऊं देत नसे. कारण कोठारांत तांदूळ-डाळीबरोबर मांसाचे डबेही त्यांच्याच हातांनीं मोजले जात. मी लहानपणीं त्यांना विचारलें होतें, ''मामा, तुम्हीं लढाईंत किती जणांना मारलें?'' ते म्हणाले, ''मारलें कोणाला नाहीं रे. वाढलें मात्र पुष्कळांना.'' सगळे हंसले. मीही हंसलों. त्या हंसण्याची आठवण घेऊनच मी या वेळीं मोटारींत बसलों होतों.

पुण्याहून नगर सुमारें एकशेंवीस किलोमीटर. शिक्रापूर, रांजणगांव मागें पडलीं व शिरूरजवळ घोड नदी ओलांडली कीं नगर जिल्हा लागतो. सुप्याच्या पुढें माळ मोकळा होतो. झाडें विरळ, जमीन कोठें काळी तर कोठें नुसता मुरूम. रब्बीची ज्वारी पोटरींत आली होती, आणि जेथें विहिरीस पाणी नव्हतें तेथें ती गुडघ्याएवढीच राहिली होती. हा प्रांत सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंतला. येथें पाऊस पाहुण्यासारखा येतो व पाहुण्यासारखाच जातो. अशा मुलखांत एका कुटुंबाचें वर्षाचें धान्य सांठविणें हेंच जिकिरीचें काम. तेथें लाखभर माणसें, तितकीच जनावरें व त्यांचें दाणापाणी घेऊन फौजा शतकानुशतकें कशा वावरल्या असतील, हा विचार मला त्या वाटेवर प्रथमच सुचला. एकदां तो सुचल्यावर नगरचा सगळा इतिहास मला निराळाच दिसूं लागला.

दुपारीं पोंचलों, श्राद्ध दुसऱ्या दिवशीं होतें. मामी म्हणाल्या, ''अरे, घरांत बसून काय करशील? किल्ला तरी पाहून ये. ते तुला दाखवीन म्हणत होते, तें राहूनच गेलें.'' म्हणून निघालों.

नगरचा किल्ला डोंगरावर नाहीं, हें प्रथम पाहणारास चमत्कारिक वाटतें. सपाट भुईवर वाटोळा दगडी तट, त्याला पुष्ट बुरूज आणि भोंवतीं रुंद खंदक, असा तो एखाद्या मोठ्या परातीसारखा बसला आहे. मलिक अहमदानें १४९० सालीं बहामनी फौजेचा मोड करून येथें आपल्या राज्याचा पाया घातला. मूळचा मातीचा कोट पुढें हुसेन निजामशहानें १५५९ च्या सुमारास दगडांत बांधविला. किल्ला अद्यापि लष्कराच्या ताब्यांत आहे. खंदकाच्या कांठीं मी थोडा वेळ बसलों. अशा जमिनीवरच्या किल्ल्याला उंचीचें बळ नसतें. त्याचें बळ पाणी, धान्य आणि दारूगोळा यांच्या सांठ्यांत असतें. निजामशाहीच्या कारभाऱ्यांस हें पुरें ठाऊक होतें. कारण शहरास त्यांनीं दूरदूरच्या उगमांपासून जमिनीखालून खापरी नळ बांधून पाणी आणलें होतें.

१५९५ च्या अखेरीस मोगल शहाजादा मुराद यानें वेढा घातला व चांदबिबीनें किल्ला लढविला. सुरुंगानें तट पडला असतां तिनें रात्रींत खिंडार बुजविलें, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. आख्यायिका अशी कीं, गोळे संपल्यावर तिनें तोफांत तांब्याचीं नाणीं भरलीं, मग रुप्याचीं, मग सोन्याचीं, आणि शेवटीं अंगावरचे दागिने. आपण ही कथा त्यागाची म्हणून सांगतों, व ती तशी आहेही. पण जरा थांबून पाहिलें तर ती रिकाम्या झालेल्या कोठाराची कथा आहे. तिकडे वेढा घालणारांच्या छावणींतही दाणावैरणीचे हाल चालले होते. अखेर वऱ्हाड देऊन तह झाला तो दोन्ही बाजूंच्या पोटांत आग पडली म्हणून.

तीस वर्षांच्या आंतच या परिसरानें दुसरा धडा पाहिला. नगरच्या पूर्वेस कांहीं कोसांवर भातवडी म्हणून गांव आहे. तेथें एक मोठा तलाव आहे. १६२४ सालीं मोगल आणि विजापूरकर यांच्या एकवटलेल्या फौजा मलिक अंबरावर चालून आल्या. अंबर वयानें ऐंशीच्या घरांत पोंचलेला, फौज थोडी. त्यानें समोरासमोरची लढाई टाळली. शत्रूच्या रसदेचे रस्ते बंद केले, तलावाचा बांध फोडून त्यांच्या छावणींत चिखल करून सोडला, आणि रोज रात्रीं छापे घातले. उपाशी व भिजलेले शिपाई फुटून जाऊं लागले, तेव्हां त्यानें शेवटचा घाव घातला. या लढाईंत शहाजीराजे होते आणि त्यांचे बंधु शरीफजी धारातीर्थीं पडले. जी युद्धरीत पुढें मराठ्यांची म्हणून गाजली तिचें मर्म तरवारीच्या चपळाईइतकेंच शत्रूची शिदोरी तोडण्यांत होतें.

दुसऱ्याची शिदोरी तोडणें एक, आणि आपली नीट राखणें दुसरें. या दुसऱ्या विद्येचा सर्वांत सुंदर कागद नगरचा नाहीं, कोंकणांतला आहे. पण येथें त्याची आठवण आल्यावांचून राहत नाहीं. राज्याभिषेकाच्या सुमारास शिवछत्रपतींनीं चिपळुणाकडे छावणीस असलेल्या आपल्या अंमलदारांस एक पत्र लिहिलें. त्याचा आशय असा : पावसाळ्याकरितां सांठविलेला दाणा व गवत आतांच मनास येईल तसें उधळाल तर ऐन पावसांत तें मिळणार नाहीं, घोडीं मरतील आणि तीं मारल्याचें पाप तुमच्यावर येईल, मग तुम्ही कुणब्याच्या घरचा दाणा, कोणाची भाकरी, कोणाचा भाजीपाला ओढूं लागाल, व रयतेस तुमच्यापेक्षां मोगल बरे वाटूं लागतील. रात्रीं दिवा तसाच ठेवूं नका, उंदीर जळती वात ओढून नेईल व गवताच्या गंजी पेटतील, इथवर त्यांत बारीक ताकीद आहे. राज्य स्थापणारा पुरुष उंदराचा आणि वातीचा विचार करतो! आमच्या मामांचें सारें आयुष्य याच विचारांत गेलें, आणि आम्ही त्याला पीठ म्हटलें.

या पत्रांतील एक गोष्ट वाचकांनीं विशेष ध्यानांत घ्यावी. सैन्याची रसद नीट असली म्हणजे केवळ सैन्य वांचतें असें नाहीं. वाटेवरचीं खेडीं वांचतात. उपाशी शिपाई शत्रूच्या आधीं शेतकऱ्यावर तुटून पडतो. औरंगजेबाची छावणी म्हणजे चालतें शहर होतें. ती पंचवीस वर्षें दक्षिणेंत फिरली, आणि ज्या वाटेनें ती गेली तेथें हिरवें पान राहिलें नाहीं. संताजी-धनाजींनीं तिची रसद वारंवार लुटली. शेवटीं तो बादशहा नगरास येऊन थांबला व भिंगारजवळ आपल्या तळावर १७०७ सालीं मरण पावला. तें ठिकाण छावणीच्या रस्त्यावर आजही दाखवितात. मी तेथें गेलों तेव्हां एक म्हातारा झाडलोट करीत होता. दुसरें कोणीही नव्हतें.

पेशव्यांच्या हातीं नगरचा किल्ला १७५९ सालीं आला. पुढच्याच वर्षीं उदगीरचा विजय मिळवून सदाशिवरावभाऊ उत्तरेस निघाले. पानपतची कथा मी येथें पुन्हां सांगत नाहीं. आपल्या घरोघर ती अजून जखमेसारखी सांभाळलेली आहे. एवढेंच सांगतों कीं, ती लढाई १४ जानेवारी १७६१ रोजीं झाली खरी, परंतु तिचा निकाल त्याआधींच्या डिसेंबरांत लागत होता. दुआबांतून शत्रूची रसद तोडण्याचें व आपल्यांस पैसा-धान्य पोंचविण्याचें काम ज्यांच्याकडे होतें ते गोविंदपंत बुंदेले त्याच महिन्यांत मारले गेले, आणि छावणींत उपासमार सुरू झाली. माणसें शेवटीं भुकेनें मरण्यापेक्षां लढून मरूं म्हणून बाहेर पडलीं.

आतां एक योगायोग पाहा. आपल्या भारतीय सैन्याचा रसद पुरविणारा कोर आपला स्थापनादिन ८ डिसेंबर पाळतो, आणि सन धरतो तें १७६०. म्हणजे तिकडे भाऊसाहेबांच्या छावणींत दाण्याचे वांधे होत होते, त्याच आठवड्यांत इकडे बंगालमध्यें इंग्रजांच्या कंपनीच्या फौजेस धान्य पुरविण्याकरितां स्वतंत्र खात्याचा पाया पडत होता. आमच्याकडे शौर्य कमी नव्हतें. रसद ही मात्र आम्ही एखाद्या कर्त्या माणसाच्या भरंवशावर ठेवीत होतों. त्यांनीं तिचें खातें केलें. माणूस पडला कीं त्याचें काम पडतें. खात्यांतला माणूस पडला तर दुसरा त्याच्या जागीं येतो. हा फरक लहान नाहीं.

आमच्या पूर्वजांस ही विद्या अवगतच नव्हती असें मात्र कोणी म्हणूं नये. याच जिल्ह्यांत, जामखेड तालुक्यांत, खर्डा आहे. मार्च १७९५ मध्यें सवाई माधवरावांच्या कारकीर्दींत नाना फडणिसांनीं सर्व सरदारांस एकत्र आणलें व परशुरामभाऊ पटवर्धनांकडे आधिपत्य देऊन निजामाशीं गांठ घातली. लढाई एका दिवसाची झाली. निजाम मागें हटून खर्ड्याच्या लहानशा किल्ल्यांत शिरला, आणि तेथें पाणी व दाणावैरण तुटतांच दोन दिवसांत तहास आला. ज्या नानांनीं हें जुळवून आणलें, त्यांनाच १७९७ च्या अखेरीस शिंद्यांनीं कैद करून याच नगरच्या किल्ल्यांत ठेवलें, हीही त्या काळाची गोष्ट. किल्ला त्या वर्षीं शिंद्यांस मिळाला होता.

आणि त्यानंतर सहा वर्षांनीं वेलस्ली आला. पुढें जो ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून जगप्रसिद्ध झाला तोच हा. वसईच्या तहानंतर पेशवे इंग्रजांचे अंकित झाले होते व शिंदे-भोंसल्यांशीं युद्ध जुंपलें होतें. या सेनापतीचे त्या काळचे पत्रव्यवहार जो चाळील त्याला वाटेल कीं हा कोणी धान्याचा अडत्या असावा. तांदूळ, बैल, मीठ, दारू, पखाली, बैलांचीं खोगिरें, नद्या उतरण्याकरितां होड्या, यांचाच विचार पानोपानीं. टिपूच्या पाडावानंतर म्हैसूरच्या अमृतमहालांतील नामांकित बैल इंग्रजांच्या हातीं आले होते. तोफा व सामान ओढण्यास त्यांचा मोठा उपयोग झाला. तथापि पुण्याच्या पावसाळ्यांत वैरणीवांचून त्याचे शेंकडों बैल मेले, तेव्हां त्याच्या ध्यानांत आलें कीं गोदावरीपलीकडे लढावयाचें तर पुणें आणि गोदावरी यांच्या मधोमध सुरक्षित कोठार हवें. तें कोठार म्हणजे नगरचा किल्ला.

८ ऑगस्ट १८०३ रोजीं तो वाळकीच्या तळावरून निघाला व त्याच दिवशीं शिड्या लावून पेठेचा तट चढला. दहाव्या तारखेस किल्ल्यावर तोफा लागल्या, व बाराव्या तारखेस चौदाशें शिबंदी किल्ला सोडून बाहेर पडली. त्या वेळीं पेशव्यांतर्फे इंग्रजांच्या छावणींत असलेल्या गोखल्यांनीं हा प्रकार पाहिला. हीं माणसें काय चमत्कारिक, सकाळीं आलीं, तट ओलांडून गेलीं आणि न्याहारीस परतलीं, अशा अर्थाचे त्यांचे आश्चर्योद्गार इंग्रजांनीं नमूद करून ठेवले आहेत. हेच बापू गोखले पुढें पेशवाईकरितां इंग्रजांशीं लढतांना फेब्रुवारी १८१८ मध्यें आष्टीस पडले. त्या दिवशीं नगरच्या तटापुढें त्यांच्या मनांत काय आलें असेल! शिड्या त्यांना दिसल्या. शिड्यांच्या मागें उभी असलेली बैलांची रांग दिसली असेल काय? नगरांत सांठा करून निघालेल्या फौजेनें २३ सप्टेंबर रोजीं असईची लढाई जिंकली, आणि दक्षिणेचें भवितव्य फिरलें.

ती रांग केवळ सरकारी बैलांची नव्हती. धान्याचा मोठा भार लमाणांच्या तांड्यांवर होता. शेंकडों, कधीं हजारों बैल, पाठीवर गोण्या. पुढच्या बैलाच्या गळ्यांत घंटा. बायका-मुलें बरोबर, घर म्हणजे हीच वाट. समुद्राकडून मीठ आणावें, देशावरून धान्य न्यावें, आणि जेथें फौज असेल तेथें बाजार मांडावा. मोगल असोत, मराठे असोत वा इंग्रज, लमाणाच्या तांड्यास सहसा कोणी हात लावीत नसे, कारण आज शत्रूस धान्य विकणारा तांडा उद्यां आपल्याकडे येणार, हें दोघांसही ठाऊक असे. युद्धाच्या धुमाळींत दोन्ही पक्षांचा विश्वास ज्याच्यावर असा हा एकच मनुष्य.

आणि त्याचें पुढें काय झालें? १८७६-७७ च्या भयंकर दुष्काळापाठोपाठ, १८७८ सालीं, दौंड-मनमाड लोहमार्ग नगरवरून सुरू झाला. जें काम तांड्यास महिना लागे तें आगगाडी दोन दिवसांत करूं लागली. लमाणांचा धंदा गेला. आणि १८७१ पासून ज्या कायद्यानें सबंध जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारण्यास आरंभ झाला, त्याच्या जाळ्यांत त्यांचे अनेक तांडेही सांपडले. तो शिक्का १९५२ सालीं कायदा रद्द झाला तेव्हां पुसला गेला. मनांतून अजून पुरता गेलेला नाहीं. ज्यांच्या गोण्यांवर तीन राज्यांच्या फौजा जेवल्या, त्यांना आम्ही चोर म्हटलें. आमच्या घरांत मामांची थट्टा झाली, ती या मानानें फारच सौम्य म्हणावयाची.

रसदेचें हें खातें पुढें अनेक रूपांतून गेलें. बंगाल, मद्रास व मुंबई या तिन्ही इलाख्यांच्या फौजांचीं निरनिराळीं खातीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एकत्र आलीं. १९२३ सालीं त्याला इंडियन आर्मी सर्व्हिस कोर हें नांव मिळालें, १९३५ सालीं त्यामागें 'रॉयल' हें बिरुद लागलें, आणि १९५० सालीं प्रजासत्ताकाबरोबर तें गळून नुसतें आर्मी सर्व्हिस कोर राहिलें. 'सेवा अस्माकं धर्मः' हें त्याचें ब्रीद. आज प्रत्येक डिव्हिजनच्या पाठीशीं या कोरची एक पलटण असते : शिधा, इंधन, मालमोटारी, आणि जेथें मोटार चढत नाहीं तेथें खेचरें, हें सर्व तिच्याकडे. १९३९ च्या डिसेंबरांत मुंबईहून या कोरच्या खेचरांच्या तुकड्या फ्रान्सला गेल्या होत्या व डंकर्कच्या वाळवंटापर्यंत पोंचल्या, हें फार थोड्यांस माहीत असेल.

ही व्यवस्था कोलमडली म्हणजे काय होतें याचें उदाहरण आमच्याच लोकांच्या रक्तानें लिहिलेलें आहे. पहिल्या महायुद्धांत मेसोपोटेमियांत, तैग्रिस नदीच्या कांठीं कूत-अल-अमारा येथें जी फौज अडकली तींत एकशेंतीन, एकशेंदहा व एकशेंसतरा या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. वेढा डिसेंबर १९१५ मध्यें पडला. नदीवर पुरेशा आगबोटी नव्हत्या, किनाऱ्यास रस्ते नव्हते. मदतीस आलेल्या फौजेस स्वतःचेंच पोट भरणें कठीण झालें. आंत घोडे मारून खाण्याची वेळ आली. आमच्या शिपायांनीं धर्मास्तव तें मांस पुष्कळ दिवस नाकारलें व ते वाळत गेले. विमानांतून धान्य टाकून पाहिलें, तें पुरेना. एप्रिलच्या अखेरीस 'जुलनार' नांवाची एक आगबोट शिधा भरून रात्रीं घुसविली, ती तुर्कांनीं पकडली. २९ एप्रिल १९१६ रोजीं फौज शरण गेली, आणि कैदेंत चालतां चालतां कित्येक मेले. सातारा, पुणें, नगर, रत्नागिरी या बाजूंच्या किती घरांत त्या वर्षीं तार आली असेल! त्यांचा पराभव शत्रूनें केला असें म्हणवत नाहीं.

संध्याकाळीं रणगाड्यांचें संग्रहालय पाहिलें. नगर हें आतां चिलखती दळाचें माहेरघर आहे. १९४८ पासून त्याचें केंद्र व शाळा येथें आहे, आणि १९७९ सालीं उभारलेल्या यांत्रिक पायदळाचें केंद्रही येथेंच. १९९४ सालीं हें संग्रहालय सुरू झालें. १९६५ च्या युद्धांत जिंकलेला पॅटन रणगाडा, आपला विजयंत, जुन्या महायुद्धांतील अजस्र धुडें, सर्व झाडांच्या सावलींत ओळीनें उभीं आहेत. मुलें त्यांच्यापुढें उभीं राहून छायाचित्रें काढवून घेत होतीं. आईबाप कौतुकानें पाहत होते. तें योग्यच आहे. मला मात्र मामांचें एक बोलणें आठवलें : ''रणगाडा म्हणजे राक्षस खरा; पण त्याला तेल पाजणारा टँकर मागें राहिला कीं त्याची घरापुढची तुळस होते.'' तुळस म्हणजे हलत नाहीं, या अर्थानें. त्यांचे दृष्टान्त असेच घरगुती असत. नगरच्या याच छावणीशेजारीं सैन्याच्या वाहनांची परीक्षा व संशोधन करणारी संस्थाही आहे. मालमोटारीची चढावर, चिखलांत, उष्णतेंत कसोटी घेतात. तिच्या कुंपणाजवळून जातांना मामा नेहमीं टोपी सारखी करीत, असें मामींनीं नंतर सांगितलें.

रात्रीं मामींनीं त्यांची एक वही काढली. मामा १९६२ च्या पराभवानंतर भरती झाले. त्या वर्षीं ऑक्टोबरांत पूर्व सीमेवर आपले जवान सुती कपड्यांत, तुटपुंज्या गोळ्यांवर बर्फांत उभे होते. विमानांतून टाकलेलें सामान बरेंचसें दऱ्यांत पडून हातीं लागलें नाहीं. तें वाचून हा तरुण घरांत कोणास न विचारतां गेला. पुढें त्यांचीं कांहीं वर्षें लडाखच्या रस्त्यावर गेलीं. झोजीला घाट हिवाळ्यांत बर्फानें बंद होई. त्याआधीं चार-सहा महिन्यांत पलीकडच्या प्रत्येक ठाण्याचा सबंध हिवाळ्याचा शिधा चढवावा लागे. वहींत त्याचे आंकडे होते. कणीक, तांदूळ, डाळ, साखर, चहा, मीठ, रॉकेल, आगपेट्या. प्रत्येक ओळीपुढें माणसांची संख्या. एका पानावर आगपेट्यांचा आंकडा तीन वेळां खोडून पुन्हां लिहिलेला होता. मामी म्हणाल्या, ''त्या वर्षीं एका ठाण्यावर एक खोकें कमी गेलें असें त्यांना वाटलें. घाट बंद झाला होता. वसंतापर्यंत रात्रीं दचकून उठत. उन्हाळ्यांत निरोप आला कीं खोकें पोंचलें होतें, मोजण्यांत चूक होती. तेव्हां कुठें झोपले.''

हें आमच्या आजोळीं कोणासही ठाऊक नव्हतें. कोणी विचारलेंच नव्हतें.

मला त्या क्षणीं आमचें जुनें एकत्र घर आठवलें. चाळीस पानें रोज उठत. पुरुष मंडळी ओटीवर देशाचें राजकारण बोलत; मुंजी-लग्नांच्या छायाचित्रांत आजोबा मधोमध, कर्ते मुलगे दोहों बाजूंस. कोठीच्या खोलीच्या किल्ल्या मात्र एका विधवा आत्याबाईंच्या कमरेला. तांदूळ कधीं संपतील, पापड किती लाटावयाचे, अवेळीं पाहुणा आला तर काय, हें सर्व त्यांच्या डोक्यांत. एकाही छायाचित्रांत त्या नाहींत. ज्या दिवशीं त्या गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशीं सकाळीं घरांत मीठ सांपडेना, तेव्हां आम्हांस कळलें कीं घर कोण चालवीत होतें. इतिहासाचेंही असेंच आहे. आपण ओटीवरचा इतिहास लिहितों. कोठीच्या खोलीचा लिहीत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं श्राद्ध झालें. पिंडदान चाललें असतां गुरुजी नांवें घेत होते, आणि मला वाटलें, आमच्या धर्मानें तरी ही गोष्ट विसरूं दिलेली नाहीं : गेलेल्या माणसालाही वाटेवर अन्न पोंचविलें पाहिजे, आणि तें पोंचविणें हें मागें राहिलेल्यांचें पहिलें कर्तव्य. ब्राह्मण जेवून उठल्यावर मी मामींना म्हटलें, ''मामी, आजी त्यांना विहिरीवर पाठवी, त्याचा त्यांना राग येत नसे काय?'' त्या थोडा वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, ''राग नाहीं. पण एकदां म्हणाले होते, कोणीतरी एकदां माझ्या हातचा भात मागून खाईल तर बरें वाटेल.''

आजी तर कधींच गेली. आतां मामाही गेले. हें ऐकल्यावर मला बोलवेना.

निघण्याच्या वेळीं मी नको नको म्हणत असतां मामींनीं दशम्या, शेंगदाण्यांची चटणी व दोन लाडू फडक्यांत बांधून दिले. ''पुण्याला काय तीन तासांत पोंचेन,'' मी म्हटलें. ''ते म्हणत, वाट किती हें विचारूं नये. शिदोरी बरोबर असावी,'' त्या म्हणाल्या. केडगांव मागें पडलें. छावणीकडून मालमोटारींची एक लांब रांग येत होती. ताडपत्री घट्ट बांधलेल्या, एकीच्या मागें एक, सारख्या अंतरावर. आमच्या चालकानें गाडी कडेला घेतली व तो कुरकुरला कीं आतां अर्धा तास मोडला. मी गाडीबाहेर उतरून उभा राहिलों, आणि शेवटची मोटार जाईपर्यंत तसाच उभा होतों.